मागच्या खोलीचा रंग

"वास्तू माणसापेक्षा जास्त जगते, म्हणून माणसाने तिच्यापुढे आपली आवडनिवड बाजूला ठेवावी."

हे वाक्य माझं आहे. वारसा यादीतल्या घराची दुरुस्ती करायची तर समितीकडे अर्ज करावा लागतो. त्या अर्जात मी ते सगळ्यात वर घातलं होतं. अर्ज अकरा पानांचा होता आणि त्याला तेवीस तळटीपा होत्या. कचेरीच्या खिडकीतल्या बाईंनी तो चाळला आणि विचारलं, "यात विषय कुठाय?"

"पहिल्याच वाक्यात आहे," मी म्हणालो.

"तसा नाही चालत, सर. वर 'विषय' लिहायचं, पुढे दोन टिंबं, आणि एका ओळीत काय ते. आणि चार प्रती लागतील."

माझी थोरली बहीण, आक्का, माझ्याबरोबर आली होती. भोईवाड्याच्या कोर्टात तिने पस्तीस वर्षं कारकुनी केली होती, त्यामुळे खिडकीच्या दोन्ही बाजूंची भाषा तिला येत होती. कोपऱ्यावरून झेरॉक्स काढून आणल्यावर तिने माझ्या खिशातलं पेन काढलं, एकेक प्रत भिंतीला टेकवली आणि माझ्या वाक्याच्या वर उरलेल्या बोटभर जागेत लिहिलं : "विषय : घरदुरुस्ती." बाईंनी शिक्का मारला. बाहेर आल्यावर आक्का म्हणाली, "वाक्य चांगलं होतं रे तुझं. पण तिथे वाचायला कोण बसलंय?"

आम्ही दोघं भोईवाड्यातल्या चाळीत वाढलो. दुसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली, बाहेर सामाईक गॅलरी. वडील गिरणीत होते आणि गिरणी बंद पडायच्या आधीच गेले. आक्का एकोणिसाव्या वर्षी कोर्टात लागली आणि तिच्या पगारावर मी इतिहासात एमए झालो. तिने लग्न केलं नाही. कोणी खोदून विचारलं तर म्हणायची, "आमचं प्रकरण बोर्डावरच आलं नाही." माझं लग्न झालं आणि मोडलं, दोन्ही फारसा आवाज न करता. नोकरीभर मी दादरच्या फ्लॅटमध्ये राहिलो. ती चाळीतच राहिली.

थाटामाटाचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. माझ्याच निरोप समारंभाला मी गेलो नव्हतो. कॉलेजच्या शिपायाने शाल घरी आणून दिली, ती मी त्यालाच देऊन टाकली. हे अशासाठी सांगतो की पुढे जे झालं, ते थाटामाटाची चेष्टा करण्यात हयात घालवलेल्या माणसाच्या हातून झालं.

निवृत्त झाल्यावर मला जुनं घर घ्यायची बुद्धी झाली. तीस वर्षं मी मुलांना जुन्या मुंबईतल्या घरांबद्दल शिकवलं होतं, आणि राहत होतो सातव्या मजल्यावर, जिथून समोरच्या इमारतीचा सातवा मजला दिसायचा. गिरगावातल्या एका वाडीत एक कौलारू घर विकायला आहे असं कळलं. दोन मजले, बाहेरून लाकडी जिना, पुढे कठड्याचा व्हरांडा. इतकं अरुंद की खालच्या तीन खोल्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकीमागे एक. मालकीण ब्याऐंशी वर्षांची ख्रिस्ती आंटी. घराण्याच्या चार पिढ्या त्या घरात गेल्या होत्या. आता ती एकटीच उरली होती आणि वसईला भाचीकडे जायला निघाली होती.

दादरचा फ्लॅट घेताना सोसायटीच्या सेक्रेटरीने मला आधी आडनाव विचारलं होतं, मग गाव, आणि तेवढ्याने समाधान न झाल्यामुळे मूळ गाव. आंटीने एकच प्रश्न विचारला.

"मांजर चालते ना? ती घराबरोबर येते."

"चालते," आक्का म्हणाली. माझ्याकडे बोट करून पुढे म्हणाली, "आमच्याबरोबर हा येतो."

दोघींचं तिथेच जमलं.

मी दादरचा फ्लॅट विकला. तरी कमी पडत होतं. आक्काने आपला फंड सगळाच्या सगळा काढून दिला. मी नको नको म्हणत होतो, तेव्हा तिने एक अट घातली. अट तोंडी होती, पण तिने ती खुर्चीवरून उठून, उभी राहून सांगितली.

"खालची मागची खोली माझी. आणि तिला नीळ मारायची. बाकी सगळी तुझी वास्तू."

मी हो म्हणालो.

ही नीळ काय, ते सांगायला हवं. आमच्या चाळीत चौदा एप्रिलच्या आधीच्या आठवड्यात घरोघरी रंग काढत. रंग म्हणजे चुना. पत्र्याच्या डब्यात चुन्याची निवळी करायची आणि कपडे धुवायची नीळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून तीत फिरवायची. किती फिरवायची यावर प्रत्येक घराचा निळा वेगळा. आमचा आक्काच्या हातचा, दाट. लोक म्हणत, निळीने डास येत नाहीत. आक्का म्हणायची, निळीने खोली मोठी दिसते. खरं कारण कोणी सांगत नसे, कारण ते खाली चौकात झेंड्याच्या रूपाने फडकतच असे. या रंगाचा दोष एकच : भिंतीला टेकलं की पाठ निळी होते. मी कॉलेजला शिकवायला लागलो, तरी रविवारी चाळीत जेवून सोमवारी तिथूनच निघालो की आक्का मला दारात थांबवायची आणि पाठीवर धपाधप हात मारून शर्ट झटकायची. गॅलरीतल्या बायका म्हणायच्या, "अगं, प्रोफेसर झालाय तो, किती मारशील?" ती म्हणायची, "पुढून प्रोफेसर आहे. पाठीमागून अजून आपलाच आहे."

पुढे चाळीत ऑइलपेंट आला. आमच्या खोलीला गॅलरीवाल्या सगळ्यांबरोबर कंत्राटदाराने दुधी रंग मारला. धुता येतो, टिकतो. आक्काने तो वीस वर्षं सहन केला.

घराचा ताबा घ्यायला गेलो त्या दिवशी आंटी आक्काला घेऊन मागच्या खोलीत गेली. तिथे भिंतीत पक्की बसवलेली एक लाकडी फळी होती. तिच्यावर आंटीच्या घरची येशूची मूर्ती आणि मेणबत्त्या असत. मूर्ती तिने कापडात गुंडाळून घेतली होती, फळी मात्र निघत नव्हती. "राहू दे," आक्का म्हणाली, "आमच्या बुद्धाला होईल." मी पुढच्या खोलीत छताच्या तुळया मोजत होतो. थोड्या वेळाने आक्काने हाक मारली. तिने केसातला आकडा काढून फळीच्या खालची भिंत खरवडली होती.

"हे बघ. खाली निळा आहे."

वाकायचा मला कंटाळा आला. चष्माही दुसऱ्या खोलीत होता.

"आक्का, तुला सगळीकडे निळंच दिसतं."

तिने आकडा केसात परत खोवला. ज्याची नोंद होत नाही ते बोलण्यात अर्थ नसतो, हे ती कोर्टात शिकली होती.

जुनी घरं दुरुस्त करणारी एक तरुण आर्किटेक्ट मुलगी आम्हाला मिळाली. हुशार होती, आणि कधीकाळी माझ्या एका व्याख्यानाला येऊन गेलेली असल्यामुळे मला फार मान द्यायची. त्याने आम्हा दोघांचंही नुकसान झालं. तिने रंगाचे थर शोधायला तीन ठिकाणी भिंत चौकोनी खरवडली : पुढची खोली, वरची खोली आणि जिन्याजवळ. मागच्या खोलीत तेव्हा सगळं सामान रचलेलं होतं. तिन्ही ठिकाणी सर्वांत खाली पिवडी निघाली, म्हणजे पिवळ्या मातीचा रंग. मला हर्ष झाला. आंटीने घरासमोर काढलेला लग्नाचा एक जुना फोटो दिला होता. तो मी अर्जाला जोडला आणि तळटीप लिहिली की भिंतीच्या छटेवरून हा रंग पिवडीच असल्याला दुजोरा मिळतो.

आक्काने तळटीप वाचली. "हा फोटो काळापांढरा आहे."

"छटेवरून कळतं."

"हो का? मग कोर्टात यायचंस. किती खटले मिटले असते."

"आक्का, घर पूर्ण पिवडीतच असणार. आतून बाहेरून. मूळ तसंच होतं."

"मागची खोली निळी होती. आंटी सांगते. तिची आई मारायची."

"तोंडी पुरावा ग्राह्य नाही," मी म्हणालो. मला वाटलं, तिच्याच भाषेतला विनोद केला. ती हसली नाही. हसली असती तर मी कदाचित विसरलो असतो.

समितीची परवानगी श्रावणात आली. आक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, म्हणून पत्र मी तिला वाचून दाखवलं. कौलं होती तशीच, लाकूड होतं तसंच, चुन्याच्या जागी चुनाच, सिमेंट नाही. मूळ स्वरूप जसंच्या तसं राखावं. 'जसंच्या तसं' हे शब्द मी जरा आवाज चढवून वाचले. एकूण सात अटी, आणि खाली गोल शिक्का.

"रंगाचं काय?" आक्काने विचारलं.

"जसंच्या तसं म्हटलंय ना. त्यात आलंच."

पत्राची प्रत कामाच्या जागी लावायची असते. भिंतीवर डकवली असती तरी चाललं असतं. मी मूळ पत्र लालबागला नेऊन काच-फ्रेम करून आणलं आणि घरात शिरल्याबरोबर दिसेल असं टांगलं. आर्किटेक्ट मुलगी म्हणाली, "किती छान, सर!" ती म्हणाली नसती तरी मलाही तसंच वाटत होतं.

गवंडी मालवणकडचे, सत्तरीचे, चुन्याचं काम येणाऱ्या शेवटच्या काही माणसांपैकी एक. ते पिंपात चुना भिजत घालायचे, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी टाकायचे आणि आठवडेच्या आठवडे त्याच्याकडे नुसते बघत बसायचे. "चुन्याक घाय चलणा नाय, सर." आक्का टॅक्सीने यायची आणि त्यांच्याशेजारी स्टुलावर बसून तीही पिंपाकडे बघायची. मांजर दोघांच्या मध्ये.

"काका," ती एकदा म्हणाली, "मागच्या खोलीच्या डब्यात चार पुरचुंड्या नीळ पडली, तर कोणाला कळणार?"

"माका काय, ताई. मॅडमक विचारा."

मॅडमने सांगितलं, "मला आवडेलच, पण सरांना विचारा ना." सरांनी, म्हणजे मी, सांगितलं की हे ना माझ्या हातात आहे, ना मॅडमच्या. समिती आहे. परवानगी आहे. फ्रेम आहे. आक्काने फ्रेमकडे पाहिलं. तिला ती धुरकटच दिसत असणार.

"बरं," ती म्हणाली. "तुमच्या समितीला एकदा चाळीत घेऊन ये. चहा पाजते."

गणपती गेल्यावर तिला जिना चढताना धाप लागायला लागली. हृदयाचं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, जिने बंद. चाळीतली खोली दुसऱ्या मजल्यावर. मी फ्लॅट विकल्यामुळे मीही तिथेच तिच्याबरोबर राहत होतो, चाळीस वर्षांपूर्वी झोपायचो त्याच जागी. दवाखान्यात न्यायचं झालं की चाळीतले चौघे तिला खुर्चीत बसवून खाली उतरवायचे. ती खुर्चीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करायची. "बघा, माझी मिरवणूक. हा माणूस कधी कोणाच्या मिरवणुकीला गेला नाही. आता जिन्याजिन्याला थांबतोय."

मागची खोली दिवाळीपर्यंत तयार झाली होती. तिची आतली भिंत मजबूत निघाली, तिला नवा गिलावाही लागला नाही. बाथरूम झालं होतं, नळाला पाणी होतं. राहिला होता फक्त रंग. बाहेरच्या भिंतीसाठी पिवडीचा नमुना मंजूर व्हायचा होता, आणि मी ठरवलं होतं की तो एकदा मंजूर झाला की आतबाहेर सगळं एकदम करायचं.

"मला तिथे ने," आक्का म्हणाली.

"रंग होऊ दे."

"रंग नंतर मार. तुझा पिवळाच मार. मी खाट टाकते."

"रंग काढताना सगळं हलवावं लागेल, आक्का. धुरळा उडेल. तुझ्या छातीला चालणार नाही. एकदाच जाऊ ना, नीट, पूर्ण झालेल्या घरात."

 ती म्हणाली, "पुढची तारीख दे मग."

मी म्हणालो, नाताळ. नाताळात म्हणालो, संक्रांत.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मी नमुन्याची चौकशी करायला कचेरीत गेलो. फाइल वर गेली आहे असं कळलं, म्हणून बाकावर बसलो. माझ्या मांडीवर पिवडीचे तीन नमुने होते, छोट्या फळ्यांवर रंगवलेले. फिका, मध्यम आणि दाट. दुपारचे अडीच वाजले असतील. चाळीतल्या शेजारणीचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "सर, या तुम्ही." आक्का गॅलरीतल्या खुर्चीत बसली होती, शेजारीण चहा करायला आत गेली होती आणि चहा उकळेपर्यंतच्या वेळात ते झालं.

त्याच चौघांनी तिला खाली आणलं. या वेळी ते जिन्यावर कुठे थांबले नाहीत. आणि तिने कोणाला हात केला नाही, हे माझ्या लक्षात पहिल्या मजल्यावर आलं.

चाळीच्या गॅलरीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढरे कपडे घातलेली माणसं आली. त्रिशरण, पंचशील झालं. कोर्टातले जुने लोक आले, त्यातल्या एकाने सांगितलं की तिच्या हातची फाइल कधी परत आली नाही. चाळीतल्या बायका म्हणाल्या, "नव्या घरात एक रात्र तरी झोपली असती." त्या मला बोलत नव्हत्या. नुसतं बोलत होत्या.

वसईहून आंटी आली होती, भाचीचा हात धरून. तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "आक्काबायला निळी खोली मिळाली की नाय रे?"

मी नाही म्हणालो.

"अरे, ती तर निळीच होती. आमची माय मारायची. बाळंतिणीची खोली ती. मी तिथेच जन्मले. मी सांगितलेलं तिला." मग म्हणाली, "ती म्हणाली, आंटी, सांगून भागत नाय, दाखवायला लागतंय."

दुसऱ्या दिवशी मी गिरगावला गेलो. गवंडी व्हरांड्यात विडी ओढत बसले होते. मागच्या खोलीत काही नव्हतं, आक्काची खाट यायची होती ती जागा मोकळी होती. मी फळीखाली वाकलो. गुडघे टेकावे लागले. चष्मा होता.

रुपयाएवढी जागा, आकड्याने खरवडलेली. पोपटी, पांढरा, पुन्हा पोपटी, मग एक मळकट थर आणि त्याखाली निळा. दाट निळा. आमच्या खोलीचा असायचा तसा. सभोवती पेन्सिलीने पट्टी लावून चौकट आखली होती. चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात, पुरावा म्हणून दाखल झालेल्या प्रत्येक कागदावर तिने पस्तीस वर्षं ज्या अक्षरात लिहिलं, त्या अक्षरात लिहिलं होतं : "निशाणी १". खाली तिची सही. सहीखाली तारीख.

तारीख भाद्रपदातली होती. त्या दिवशी मी नाशिकला व्याख्यान द्यायला गेलो होतो. विषय होता, 'वारसा आणि सामान्य माणूस.'

"ताई इल्ली त्या दिवशी," गवंडी मागून म्हणाले. "एकटी. टॅक्सीन. दिसा नाय होता तिका, म्हणान पट्टी मी धरलंय. सरांका सांगू नको म्हणाली. कधीतरी वाकतलो तो, म्हणाली, तेव्हा दिसात."

मी जमिनीवर बसून राहिलो. मांजर येऊन फळीच्या खाली, नेमकी चौकटीसमोर बसली आणि अंग चाटायला लागली.

"नीळ मारूया, सर?" गवंड्यांनी विचारलं. "दोन दिवसांचा काम."

आणि मी म्हणालो, "थांबा. परवानगी येऊ दे."

आजही मला कळत नाही मी असं का म्हणालो. बहुधा मला वाटलं की तिने रीतसर पुरावा दाखल केला आहे, तर निकालही रीतसर लागावा. त्या रात्री चाळीत बसून मी दुसरा अर्ज लिहिला. या वेळी वर, सर्वांत आधी, 'विषय' लिहिलं, दोन टिंबं दिली आणि एका ओळीत लिहिलं : मागच्या खोलीचा रंग. खाली मजकूर दीड पान. माझ्या पहिल्या अर्जातली तळटीप क्रमांक चौदा चुकीची आहे, हे कबूल केलं. काळ्यापांढऱ्या फोटोवरून रंग ठरवता येत नाही, हेही. सोबत निशाणी एकचा फोटो जोडला, आंटीचा जबाब तिच्या सहीने जोडला, आणि हा पुरावा ज्यांनी शोधला त्यांनी पस्तीस वर्षं न्यायालयात सेवा केली होती, असंही लिहिलं. ते लिहायची गरज नव्हती. तिच्याबद्दल काहीतरी लिहायला मला तेवढीच जागा होती.

खिडकीत त्याच बाई होत्या. त्यांनी विषय वाचला, शिक्का मारला आणि विचारलं, "त्या दिवशीच्या मावशी नाही आल्या?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरेरे." मग माझ्या प्रती त्यांनीच टाचणी लावून नीट केल्या.

आर्किटेक्ट मुलीलाही मी अर्जाची प्रत पाठवली. तिचा फोन आला. ती म्हणाली, "सर, मला वाटलं तुम्हालाच पिवळा हवाय." मी विचारलं, म्हणजे? ती म्हणाली, "काही नाही, सर. येऊ दे उत्तर." आणि रडायला लागली. मला वाटलं, आक्कासाठी रडते आहे.

उत्तर मार्चच्या शेवटी आलं, चौदा एप्रिलला दोन आठवडे होते तेव्हा. मी ते गिरगावच्या घरात, व्हरांड्यात उभं राहून उघडलं. दोनच वाक्यं होती. इमारतीच्या आतील भागातील रंगकाम हा या समितीच्या अखत्यारीतील विषय नसून त्यासाठी कोणत्याही परवानगीची आवश्यकता नाही. याबाबत यापूर्वीच आपणास दिलेल्या पत्रातील अट क्रमांक नऊ पाहावी.

आमच्याकडे अटी सात होत्या. मी आत जाऊन फ्रेमसमोर उभा राहिलो आणि त्या पुन्हा मोजल्या. सातच. सातवीखाली गोल शिक्का. गवंडी पक्कड घेऊन आले, त्यांनी फ्रेम खिळ्यावरून उतरवली, पाठीमागचा पुठ्ठा काढला आणि कागद माझ्या हातात दिला.

पत्र पाठपोट छापलेलं होतं.